माप

रास्ता पेठेतल्या आमच्या दुकानात
आता येतात ती कुलपं, शिवणयंत्रं,
आणि निवडणूक संपली की
ठाण्यातून सुटून आलेल्या गंजक्या बारा बोअर.
त्यामुळे इंदुमती घोरपडे खरी रायफल घेऊन आल्या
तेव्हा मी आधी हात धुतले.

लांब, सडपातळ. अक्रोडी दस्ता,
एका जागी तेलकट काळा,
तिथं कुणाचा तरी गाल तीस वर्षं टेकत होता.
"बाबांची," त्या म्हणाल्या.
"परवाना माझ्या नावावर झाला, पण काडतूस मिळत नाही.
कॅम्पातला दुकानदार हसला.
दिल्लीला लिहिलं. दिल्ली हसलीसुद्धा नाही."

मला माहीत होतं का मिळत नाही.
एकसष्ट साली, पुराच्या थोडं आधी,
पिंपरीतला एक चेक इंजिनिअर मायदेशी परतताना
घोरपडेसाहेबांना तीनशे काडतुसं देऊन गेला,
पत्र्याच्या डब्यात, रीतसर, पावतीसकट.
घास आला, पण गळा वेगळा.
लोक पाय बघून चप्पल घेतात,
साहेबांनी चप्पल बघून पाय बदलून मागितला.

अब्बांनी बदलून दिला.
चार महिने लागले. मध्ये पूर आला,
लेथ चिखलात बसला, तो उपसून पुन्हा सुरू.
त्या एका कोठीसाठी एक हत्यार घडवलं
जे नंतर कधीच कशाला लागलं नाही.
अजून आहे, मेणकापडात, खालच्या खणात.
विकायचं म्हटलं तर भंगाराच्या भावानं जाईल,
म्हणून आहे.

साहेब मोजून झाडायचे.
दिवाळीनंतर दहा, वहीत नोंद.
शेवटचं ब्याण्णवमध्ये.
तेव्हापासून बंदूक उपाशी,
जीभ परदेशी लागलेली, घरात भाकरी.

"इथं जे मिळतं ते चालेल, असं करा."
मी म्हटलं, आधी आयुक्तालयाचा कागद.
त्यांनी पिशवीतून कागद काढला.
मी म्हटलं, मग माप.
आधी किती कोरलंय ते कळल्याशिवाय
पुढचं कसं ठरवणार?
कोठी झिजलेली. अब्बांची वही वाळवीनं खाल्लेली,
नावं सगळी ठेवली होती,
आकडे तेवढे खाल्ले होते.
एखादं रिकामं काडतूस असतं तर.

त्यांना बाकावर बसवून जेवायला घरी गेलो.
अम्मी खिडकीत बसून सुरमा घालत होती.
सळई बुडवत होती एका पितळी नळकांड्यात
जे मी जन्मापासून पाहतोय
आणि एकदाही पाहिलं नव्हतं.

"हे कुठलं?"
"तुझ्या अब्बांनी दिलं. पहिलं झाडलेलं.
म्हणाले, सांभाळ, हे माप पुण्यात दुसरीकडे नाही.
मी म्हटलं, मग भरून ठेवते.
रिकामी वस्तू हरवते."

"सुरमा काढ, मोजायचंय."
"बाहेरून मोज," अम्मी म्हणाली. "आतलं माझं आहे."

बाहेरूनच मोजलं.
कॅलिपरच्या जबड्याला काळं लागलं.
बुडाशी परक्या लिपीत काहीतरी होतं,
साठ वर्षांच्या अंगठ्यानं पुसत आणलेलं.
आकडा मी तळहातावर लिहिला,
कागद शोधायला उठलोच नाही.

दुकानात बाई तशाच बसलेल्या.
म्हटलं, होईल. पण अब्बांचं काम पुसलं जाईल,
दुसऱ्यांदा कोरलं की पहिलं राहत नाही.
मग अम्मीचं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे.

बाई गप्प. अंगठा दस्त्याच्या काळ्या जागेवर.
"रोज घालतात?"
"रोज. दिसत नाही आता, तरी."
"बुधवारी येते," म्हणाल्या, आणि पावती न घेता गेल्या.

हा चौथा बुधवार.
सोमवारी तेल देतो, फडकं फिरवतो.
परवा तपासणीला आलेल्या हवालदारानं
रजिस्टरावर बोट ठेवून विचारलं,
काय काम चाललंय हिचं?
रकान्यात लिहिलं होतं तेच वाचून दाखवलं:
माप घेतले.